‘मेंदू आकसला’ वाचून घाबरू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सत्तरीतल्या माणसाचा एमआरआय काढला की ‘वयानुरूप मेंदू आकसलेला’ ही ओळ बहुधा येतेच. ती वाचून घरचे हबकतात आणि कुणीतरी सुचवलेल्या, अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजाराशी संबंधित एपीओई जनुकाच्या तपासणीमागे लागतात. पैसे जातात, झोपही.

स्मरणशक्तीचा हिप्पोकॅम्पस हा भाग उतारवयात निरोगी माणसातही वर्षाला साधारण १ ते २ टक्के आकसतो. सारखेच एमआरआय असलेल्या दोघांपैकी एक पेन्शनचा हिशेब चोख ठेवतो, दुसरा बर्डीच्या बाजारातून घरी यायची वाट चुकतो. १९ व्या गुणसूत्रावरच्या एपीओईच्या ई४ प्रकाराची एक प्रत अल्झायमरचा धोका दुपटी-तिपटीने वाढवते, दोन प्रती त्याहून बऱ्याच जास्त पटीने. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे. ई४ असूनही शेवटपर्यंत तल्लख राहणारे असतात, ई४ नसताना आजार होणारेही. अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे प्रथिन) काढणारी नवी इंजेक्शने द्यायची असतील तर ही तपासणी हवी, कारण ई४ असल्यास मेंदूत सूज आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. एरवी तिच्यावाचून उपचार अडत नाहीत.

आधी बी-१२ जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), सोडियम, साखर आणि कान तपासा. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांचे बी-१२ उतरते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, बीपीसाठी लघवीची गोळी चालू असलेल्या वृद्धाचे सोडियम घसरते आणि दोन दिवसांत तो बरळू लागतो. असे अचानक झाले तर ‘आता वय झालं’ म्हणत बसू नका. त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो, जे सरकारी रुग्णालय जवळ असेल ते गाठा. महिनाभरापूर्वी बाथरूममध्ये पडले असतील तर सीटी स्कॅनही हवा. कवटीखाली रक्त साकळलेले असू शकते.

डॉक्टर स्मरणशक्तीची चाचणी घेताना चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेले असावे. नाहीतर न ऐकू आलेला शब्द विसरला म्हणून गुण कापले जातात. ‘घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा’ म्हटल्यावर मिनिटकाटा २ ऐवजी १० वर गेला, तर निव्वळ विसरणे नव्हे, नियोजनातला दोषही दिसतो. एमआरआयच्या ओळीपेक्षा हा कागद डॉक्टरांना जास्त सांगतो. शिवाय गोळ्यांची यादी नको, सगळ्या पट्ट्याच पिशवीत घालून न्या. झोपेची आणि सर्दीची गोळी यादीत कुणी लिहीत नाही, आणि विसरायला त्याही लावू शकतात.

— एक वाचक, धंतोली, नागपूर