बाँडवर सही करण्याआधी

फोंडा, गोवा
२ ऑगस्ट

प्रिय शैला,

मुक्ताचे नाव पुण्याच्या ए.एफ.एम.सी.च्या, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या, यादीत आले हे तुझ्या तोंडून ऐकले आणि ऊर भरून आला. मुलींच्या जागा तिथे अवघ्या ३०, आणि त्यांतली एक आपल्या साखळी गावच्या पोरीला! नीटचे गुण, मग इंग्रजी आणि तर्काची चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी, हे सगळे तिने स्वतःच्या बळावर पार केले आहे. तिची पाठ माझ्या वतीनेही थोपट.

पण बोलता बोलता तू म्हणालीस, "एक पैसा न भरता डॉक्टर होणार बघ," तेव्हापासून मला चैन नाही. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातली जागा ठेवायची की सोडायची हे या आठवड्यात ठरवायचे आहे म्हणालीस, म्हणून फोन न करता सविस्तर लिहिते. भावोजींनाही वाचायला दे, आणि मुक्ताला तर दे‌च.

फी नाही हे खरे आहे. शिक्षणाचा भार सरकार उचलते. मात्र त्याच्या बदल्यात वर्षे द्यायची असतात, आणि ती मुक्ताच्या आयुष्यातली आहेत. तिथे प्रवेश घेणे म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून रुजू होण्याचे बंधन आजच स्वीकारणे. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा. त्यानंतर कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, आणि इंटर्नशिप सैन्याच्याच रुग्णालयात. शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक मुदतीचे कमिशन, मिळाले तर ७ वर्षे, म्हणजे पोर तिशीला टेकते. परमनंट कमिशन मिळाले तर निवृत्तीपर्यंत. पेन्शन हवे असेल तर अधिकाऱ्याला किमान २० वर्षे सेवा करावी लागते, तेव्हा मुक्ता बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांची असेल. शॉर्ट सर्व्हिस संपवून बाहेर पडणाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. भावोजी "सरकारी नोकरी, जन्माचे पेन्शन" म्हणत होते ना, त्यांना हा फरक नीट समजावून सांग.

मुक्ताला कुठले कमिशन मिळणार, आणि आर्मी, नेव्ही की एअर फोर्स, हे आज ठरलेले नसते. तिची पसंती विचारतील. हवे तेच मिळेल याची हमी नाही. वास्कोत नौदलाचे रुग्णालय आहे, पणजीत लष्कराचे आहे, म्हणून ती कधीतरी घराजवळ येईल असे तुला वाटणे साहजिक आहे. येईलही. पण त्याआधी लेह, तेजपूर किंवा एखादे जहाजही असू शकते, आणि तिथून चवथीला घरी यायचे की नाही हे रजा मंजूर करणारा ठरवतो.

"नाहीच जमले तर बाँडचे पैसे भरू," असे भावोजी म्हणाले. बाँड म्हणजे सेवा केली नाही तर सरकारला ठरलेली रक्कम भरण्याचा करार, आणि ती रक्कम लाखांच्या घरात आहे. कागदावर सही मुक्ताबरोबर तुम्हालाही करायची आहे, तेव्हा आकडा, तो कधी लागू होतो, कोणत्या टप्प्यावर बाहेर पडले तर किती, हे त्यांनी ओळ न् ओळ वाचावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पैशाने सुटायचा हा विचार कमिशन घेण्याआधीपुरता आहे. एकदा खांद्यावर तारे लागले की राजीनामा हा फक्त अर्ज असतो. तो मंजूर करायचा की नाही हे सरकारच्या हाती. सैन्यात असलेल्यांच्या काही मूलभूत हक्कांवर मर्यादा घालायची मुभा घटनेच्या ३३व्या कलमानेच संसदेला दिली आहे. तीन महिन्यांची नोटीस देऊन निघालो, असे तिथे होत नाही. युद्धाच्या तोंडावर डॉक्टरने उठून जाऊ नये म्हणून हे आहे, आणि मला ते पटते. पण अठराव्या वर्षी सही करणाऱ्या मुलीला ते कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

आणखी एक, जे आपल्या गोव्यातच विचारावे लागते. तुझ्या सासऱ्यांचा जन्म १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज राजवटीतला, त्यामुळे तुझ्या दिरांनी लिस्बनला नोंद करून पोर्तुगालचा पासपोर्ट घेतला आणि ते इंग्लंडमधल्या स्विंडनला गेले. घरात मुक्तासाठीही तशी चर्चा चालते हे मला ठाऊक आहे. परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व जाते, आणि आपल्या सैन्यात अधिकारी व्हायचे तर नागरिकत्व भारताचेच हवे. दोन्ही वाटा उघड्या ठेवता येणार नाहीत. हे आज घरात बोलून मोकळे व्हा.

तू म्हणशील, ही स्वतः सैन्यात राहून आली आणि माझ्या लेकीला भिववते. शैला, ती वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत भरलेली वर्षे आहेत. बर्फात अडकलेल्या चौकीवरून आणलेला जवान दुसऱ्या दिवशी डोळे उघडतो, तेव्हा आपण कशासाठी शिकलो हे कुणाला विचारावे लागत नाही. माझ्याबरोबर ए.एफ.एम.सी.च्या मुली होत्या, त्यांतल्या काही इतक्या जीव ओतून काम करत की त्यांच्याकडे पाहून मी शिकले. एक मात्र सारखी म्हणायची, "हे बाबांनी ठरवले होते." काम ती उत्तम करायची, रुग्णांना कधी तिचे दुःख कळले नाही. पण रात्री मेसमध्ये जेवताना तिच्याकडे पाहवत नसे. तिच्या घरी कुणी वाईट नव्हते. फी वाचते, पोरीचे भले होते, एवढेच त्यांनी पाहिले होते.

मी स्वतः बांबोळीतून एम.बी.बी.एस. झाले आणि मग शॉर्ट सर्व्हिसने गेले, हे तुला आठवतच असेल. ते दार अजून उघडे आहे. बाहेरून एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरांना सैन्याची वैद्यकीय सेवा घेते. वयाची मर्यादा ३० असते. म्हणजे मुक्ताने आज बांबोळी घेतली तरी सैन्य तिला कायमचे दुरावत नाही, आणि तेव्हा ती चोवीस वर्षांची, आपले मन ओळखणारी बाई असेल. उलट तिला आजच गणवेशाची ओढ असेल तर तिला थांबवू नका. त्या वयात मिळणारी शिस्त आणि सोबत बांबोळीत मिळणार नाही, आणि एम.डी.साठी सेवेतल्यांना ए.एफ.एम.सी.त वेगळा प्राधान्यक्रम असतो. फक्त विषय आणि वेळ ठरवताना सेवेची गरजही मोजली जाते.

रविवारी तिला घेऊन फोंड्याला ये. बाँडची प्रत आणि सूचनापत्रक बरोबर आण, मोबाइलवरचे फोटो नकोत, छापून आण. मुक्ता आणि मी दोघीच स्वयंपाकघरात बसू आणि मी तिच्याशी एकटीने बोलेन. मला तिला एकच विचारायचे आहे: फी दोन्हीकडे सारखीच असती, तर तू कुठे गेली असतीस? तिचे उत्तर ऐकून मग भावोजींशी बोलू. सोमवारी सही करायला वेळ उरतो.

तुझीच,
सुमन