जूनमध्ये काय करायचं?

प्रिय बायो,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. इकडे सगळे बरे, आक्काचा गुडघाही चालतोय.

२ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळला क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपल्या बायकांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि भात कापून होताच वाडीतल्या पोरी कुणग्यात, म्हणजे भाताच्या रिकाम्या खाचरात, खेळायला उतरल्या. उपांत्य फेरीतल्या जेमिमा रॉड्रिग्जच्या १२७ धावा त्यांना तोंडपाठ आहेत. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

पण सामना बघून चढलेलं वेड टिकत नाही गं. २०१२ च्या ऑलिम्पिकनंतर लंडनवाल्यांनाही ते टिकवता आलं नाही. पोरी सुरुवातीलाच लेदरचा चेंडू मागतात. बायकांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅम, पुरुषांच्यापेक्षा हलका खरा; पण ढेकळावरून तोंडावर उसळला की ती पोर परत येत नाही. म्हणून आधी टेनिसचा चेंडू, खेळपट्टी २२ ऐवजी १६ यार्ड, आणि धसकटं मुळासकट खणून, पाणी मारून माती चोपायची. सहा-सहाचे गट केले की कुणी नुसती उभी राहत नाही. खेळ शेवटच्या एसटीच्या अर्धा तास आधी संपलाच पाहिजे, नाहीतर उद्या आई पाठवत नाही. जवळच्या घरी संडासाची सोय नसेल तर पाळीच्या दिवसांत गैरहजेरी ठरलेली, आणि मग ती वाढतच जाते.

तू म्हणशील, खो-खो घ्या. झालं, आपलं जुनं भांडण सुरू! जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पोरींनी पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, तेवढा मान तुला देते. पण कबड्डीला १२ बाय ८ मीटरचं अंगण पुरतं. जांभ्याचे खडे तेवढे वेचायचे.

खरी धास्ती जूनची. नांगर लागला की कुणगा गेला. ओहोटीची घट्ट वाळू धावायला उत्तम, पण ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटं पुढे जाते आणि शाळेची वेळ तीच. पावसात तर समुद्राकडे जायलाच नको. चार महिने खंड पडला की दिवाळीनंतर निम्म्या पोरी यायच्या नाहीत. म्हणून मला देवळाचा सभामंडप हवाय. ३० सेकंद दोरीवरच्या उड्या, ३० सेकंद विसावा, अशा दहा फेऱ्या. मग सूर्यनमस्कार आणि जवळून झेल. लादी आधी गोणपाटाने कोरडी करायची, नाहीतर घोटे मुरगळतील. या वयात रोज तासभर अंगमेहनतीचा खेळ हवा, तिथे निदान पाऊण तास होईल.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटी शाळेत रमली का? सविस्तर लिही.

तात्या देवस्थानात आहेत आणि तुझा शब्द मोडत नाहीत. त्यांना फोन कर. संध्याकाळी पाच ते पावणेसहा मंडप द्या, आरतीआधी लादी पुसून मिळेल, म्हणावं. होकार मे संपायच्या आत हवा.

तुझीच,
ताई