इराणची गोष्ट १९७९ ला सुरू होत नाही

संपादक साहेब,

इराणवर काही छापून आलं की बॅकग्राउंड म्हणून १९७९ ची क्रांती आणि अमेरिकन वकिलातीतले ओलीस, बस्स एवढंच असतं, १९५३ ला ज्यांचं सरकार पाडलं गेलं त्या पंतप्रधान मोहम्मद मोसादेघांचं नावसुद्धा नसतं. मला हे फार खटकतं. तो माणूस वगळला तर इराण्यांचा अमेरिकेवरचा राग कळणार कसा?

इराणमधली अबादानची तेल रिफायनरी तेव्हा जगात सगळ्यात मोठी, पण मालकी अँग्लो-इराणियन तेल कंपनीची, तिचे निम्म्याहून जास्त शेअर ब्रिटिश सरकारकडे आणि इराणला रॉयल्टी मिळायची त्यापेक्षा जास्त टॅक्स लंडनला जायचा. १९५१ ला संसदेने तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, मोसादेघ पंतप्रधान झाले आणि त्यांनी ते अमलात आणलं. ब्रिटनने इराणी तेलाची विक्री अडवली, हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात गेले, १९५२ ला कोर्ट म्हणालं हे आमच्या अधिकारात बसत नाही.

मग अमेरिका-ब्रिटनने सरकार पाडायचा कट रचला. ऑगस्ट १९५३ मध्ये पहिला प्रयत्न फसला, इराणचा राजा शहा बगदादमार्गे रोमला पळाला, पण अमेरिकन गुप्तहेर संस्था सीआयएचा करमिट रूझवेल्ट तेहरानमध्येच ठाण मांडून होता आणि १९ तारखेला पैसे वाटून जमवलेली गर्दी, रणगाडे, मोसादेघांच्या घरावर हल्ला, सरकार संपलं. पुढच्याच वर्षी तेलाचा नवा करार, त्यात अमेरिकन कंपन्यांना ४० टक्के! म्हणजे कशासाठी चाललं होतं ते उघड आहे.

मोसादेघांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही. संसद बरखास्त करायला त्यांनी सार्वमत घेतलं, त्यात हो आणि नाहीच्या पेट्या वेगळ्या ठेवल्या, हे चूकच होतं. पण त्याचा हिशोब इराणच्या मतदारांनी करायचा, वॉशिंग्टन-लंडनने नाही. त्या माणसाला तीन वर्षं कैद आणि नंतर १९६७ ला मरेपर्यंत इराणमधल्याच अहमदाबाद नावाच्या गावात नजरकैद, दफनसुद्धा त्याच घरात.

आणि हे आपल्यापासून इतकं लांबचं पण नाही हो. अँग्लो-इराणियन जिच्यातून उभी राहिली ती बर्मा ऑइल म्हणजे आपल्या बर्मा शेलमधली बर्मा, मुंबईत माहुलला जिची रिफायनरी होती. आपण ती १९७६ ला सरकारी केली, आजची भारत पेट्रोलियम, आणि त्यापायी कुणी आपलं सरकार नाही पाडलं.

एवढीच विनंती की १९ ऑगस्टच्या आसपासच्या रविवारच्या पुरवणीत मोसादेघांवर एक पूर्ण पान द्या, आणि इराणच्या बातमीसोबत टाइमलाइन छापाल तेव्हा ती १९५१ पासून सुरू करा.

– आपला एक वाचक, चेंबूर