रुपयाच्या लढ्यातून खानदेश वगळला कुणी?

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीत रुपयाच्या हुंडणावळीच्या, म्हणजे पौंडाशी असलेल्या रुपयाच्या दराच्या चळवळीचा इतिहास पानभर छापून आला. लेखकाने मेहनत घेतली आहे, हे नाकारत नाही. हा दर सुचवणारा हिल्टन यंग आयोग आहे, त्याच आयोगात बसून वेगळं मत नोंदवणाऱ्या सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांची भिन्नमतपत्रिका आहे, डॉ. आंबेडकरांची आयोगापुढची साक्ष आहे, चढ्या दराला विरोध करणारी १९२६ ची मुंबईतली करन्सी लीग आहे. पण शेवटी शेवटी लेखक सांगून मोकळे होतात की हा वाद गिरणीमालकांचा आणि बड्या व्यापाऱ्यांचा होता, खेड्यापाड्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं. रात्रभर तेच मनात घोळत राहिलं, म्हणून आज सकाळीच लिहायला बसलो.

ठाकुरदासांना लोक कापसाचा राजा म्हणत, हे त्याच लेखात लिहिलं आहे. मग तो कापूस कुठला? आमच्या तापी, गिरणा, पांझरा, बोरीच्या काठचा आणि वऱ्हाडातला. धुळे, जळगाव, अमळनेर, धरणगावच्या जिनांतून रुई निघायची, गाठी बांधल्या जायच्या आणि रेल्वेने मुंबईला जायच्या. त्या गाठीची किंमत शेवटी विलायतेत ठरायची आणि तिचे रुपये किती करायचे ते सरकारच्या दरावर. शेतकऱ्याचा संबंध नाही तर कुणाचा?

हिशेब साधा आहे. पौंडाचे पेन्स २४०. रुपया १ शिलिंग ४ पेन्सांचा, म्हणजे १६ पेन्सांचा असताना विलायतेत एक पौंड किमतीला विकलेल्या कापसाचे इथे १५ रुपये होत. १९२७ च्या कायद्याने रुपया १८ पेन्सांचा ठरवला, त्याच पौंडाचे झाले १३ रुपये ५ आणे ४ पै. पौंडामागे १ रुपया १० आणे ८ पै उडाले. जहाजवाला, दलाल, जिनवाला आपापलं धरूनच भाव सांगणार, त्यामुळे ही तूट खाली खाली उतरत बांधावर येऊन थांबायची. शेतसारा मात्र तितक्याच रुपयांचा. सावकाराचं मुद्दल तितकंच, व्याज तितकंच. रुपया आधीच दोनेक वर्षं १८ पेन्सांच्या आसपास होता आणि भाव त्याला जुळून आले होते, असं आयोगाने म्हटलं, तेच आपल्या लेखकाने उचललं. भाव जुळले असतील. सारा आणि कर्ज कधी जुळलं?

मी हे ऐकीव सांगत नाही. आमच्या आजोबांची अमळनेरला कापसाची आडत होती. लाल कापडात बांधलेल्या त्यांच्या चोपड्या आमच्या माडीवर होत्या, सगळ्या मोडीत. माझ्या वडिलांना मोडी येत असे, त्यांनी मला पानं वाचून दाखवली होती. १९२७ च्या चोपडीत एका पानाच्या समासात मुंबईहून तारेने आलेला खंडीचा भाव आहे, त्याखाली पौंडाचा हिशेब. त्यात १५ वर आडवी रेघ मारलेली आणि शेजारी बारीक अक्षरात १३-५-४. त्याच पानावर खाली बोरीकाठच्या एका शेतकऱ्याची पट्टी आहे. हमाली, तोलाई, धर्मादाय आणि पेरणीची उचल वजा जाता त्याच्या हातात काही पडलं नाही, उलट बाकी त्याच्या नावे टाकलेली. हे पान ज्याने पाहिलं तो खेड्याला सोयरसुतक नव्हतं असं लिहिणार नाही.

आणि हे पान पाहायला मिळू शकतं, असं मी आज कुणाला सांगू शकत नाही. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या संस्थेची माणसं घरी आली. व्यापारी दप्तरांचं जतन करतोय, छायाप्रती काढून मूळ चोपड्या परत आणून देऊ म्हणाली. मी त्यांना जेवू घातलं, चोपड्या झटकून, दोरीने बांधून गाडीत ठेवून दिल्या, पावती घेतली. पावती माझ्याकडे आहे, चोपड्या नाहीत. फोन केला की काम चालू आहे. पत्र लिहिलं तर उत्तर नाही. पुन्हा फोन केला तर ते साहेब बदलून गेले, नवीन साहेबांना विचारा. नवीन साहेब म्हणतात, यादीत नोंद सापडत नाही. आमच्या घराण्याचे चार पिढ्यांचे हिशेब, त्यातल्या शेकडो शेतकऱ्यांच्या पट्ट्या, कुठल्या तरी गोदामात पडून आहेत आणि यादीत नोंद नाही! कालच्या लेखाच्या खाली बारीक टाइपात लिहिलं आहे की खासगी व्यापारी दप्तरांचाही आधार घेतला. ती दप्तरं आमची होती असं माझं म्हणणं नाही. पण दप्तरं खानदेशातली असतील तर लेखात खानदेशाचं नाव यायला हवं होतं, आणि नसतील तर ती का नाहीत हे लेखकाने स्वतःला विचारायला हवं होतं.

दुसरं, चळवळीची सुरुवात १९२६ पासून धरली आहे, तीही मला पटत नाही. सुरुवात १८९३ पासून धरा. त्याआधी कुणीही चांदी मुंबईच्या टांकसाळीत न्यावी, थोडी मजुरी द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत. २६ जून १८९३ ला सरकारने हा दरवाजा बंद केला. रुपया चांदीपासून तुटला आणि वर चढवला, चांदी खाली घसरली. तोळाभर चांदीचे पुढे जेमतेम दहा-अकरा आणे येऊ लागले. ज्यांची सगळी पुंजी अंगावरच्या चांदीत होती, त्यांचं काय झालं असेल? आमच्याकडच्या भिल्ल, पावरा, कुणबी बायांची पुंजी म्हणजे हातातले कडे, पायातले तोडे. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८९९ ला, छप्पनचा (संवत १९५६ चा) दुष्काळ पडला. तो खानदेशाने कसा सोसला हे इथल्या प्रत्येक जुन्या घरात सांगतात. आजोबांची आई म्हणायची, "घरमा चांदी व्हती, पन रुपया नही व्हता." लहानपणी मला त्याचा अर्थ कळत नसे. सराफाच्या तराजूत तोडे तेवढ्याच वजनाचे भरायचे आणि पदरात धान्य मात्र निम्म्याच्या आसपास पडायचं, याचं कारण तिला कुणी समजावलं नव्हतं. दादाभाई नौरोजींनी ते १८९८ च्या चलन समितीला लेखी कळवलं होतं. गोखल्यांनी १९०२ साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना सांगितलं की सरकारी तिजोरीतली ही शिल्लक भरभराटीची नाही, रुपया कृत्रिम महाग केल्यामुळे झालेली आहे. चळवळीची मुळं ही आहेत. लेखात दोघांचाही उल्लेख नाही.

आणि गांधीजी! ३० जानेवारी १९३० ला त्यांनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठाच्या कराची मागणी सगळ्यांना पाठ आहे, ती चौथी. दुसरी मागणी कुठली? रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्सांवर आणा. तिसरी, शेतसारा निम्मा करा. दुसरी आणि तिसरी लागोपाठ आहेत ती उगाच नाहीत, आजोबांच्या समासातला हिशेबच तिथे मांडलेला आहे. गिरणीमालकांपुरता वाद असता तर गांधीजींनी तो मिठाच्या आधी घेतला असता का? पुढे १९३१ मध्ये इंग्लंडने सोन्याशी संबंध तोडला, तरी आमचा रुपया १८ पेन्सांनाच पौंडाला बांधून ठेवला. मंदीने कापसाचा भाव बसला होता, गावोगावच्या पुतळ्या, पाटल्या मोडल्या गेल्या आणि ते सोनं बोटीत चढलं. १९३६ ला काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरलं ते आमच्या फैजपुरात, आणि तिथे शेतसारा व शेतकऱ्याचं कर्ज यांवर ठराव झाला. १८ पेन्सांचा तो दर स्वातंत्र्यानंतरही १९६६ पर्यंत टिकला. इतक्या लांबच्या गोष्टीत खेडं कुठेच नाही, असं कसं म्हणवतं?

माझ्या मागण्या तीन आहेत. लेखातल्या त्या वाक्याची दुरुस्ती छापावी. पुढचा लेख लिहिताना लेखकांनी अमळनेर, धरणगाव, पारोळ्याच्या जुन्या आडत्यांच्या घरी यावं, माड्यांवर अजून चोपड्या आहेत. मोडी वाचणारी माणसंही इथे मिळतील, धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाची संशोधन संस्था काही आज उभी राहिलेली नाही. आणि ज्यांनी आमची दप्तरं नेली त्यांच्या हाती हा अंक पडला, तर त्यांनी ती परत आणून द्यावीत. छायाप्रती नकोत, मूळ चोपड्या हव्यात.

आपला,
एक जुना वाचक, अमळनेर

ता. क. चलनाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. आमच्या बाजारात दहा रुपयांचं नाणं भाजीवाली घेत नाही, रिक्षावाला घेत नाही, किराणा दुकानदार हात मागे घेतो. रिझर्व्ह बँकेने ही नाणी सगळ्या नक्षींची चालतात असं वेळोवेळी जाहीर केलं आहे. परवा एका बँकेत नाण्यांची पुडी घेऊन गेलो, तर काउंटरवरच्या माणसाने ती न मोजताच परत सरकवली. रोज मजुरी घेणाऱ्याच्या हातात अशी चार नाणी आली की त्याचे चाळीस रुपये अडकतात. यावर जिल्हा पानावर ठळक बातमी छापा.