कोणत्या झाडाचे बी, हेही विचारा

मा. संपादक,

कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडण्यावरून वाद पेटल्यापासून तोडायची किती आणि त्याच्या किती पट लावायची, एवढाच हिशेब नाशकात चालू आहे. २०१६ मध्ये राज्यात दोन कोटी झाडे लावायची मोहीम झाली, २०१९ मध्ये ३३ कोटींची; तेव्हाही बोलणे आकड्याचेच होते. रोपे जगली का, हे निदान काही लोक विचारतात. त्यांचे बी कुठल्या जंगलातले, किती झाडांवरचे, हे मात्र कोणीच विचारत नाही.

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्षबागायतदार. ऑक्टोबर छाटणीला माझ्याकडे पेठ-सुरगाण्याची माणसे येतात. त्यांतले काही जण रोपवाटिकांसाठी साग, खैर, हिरडा, ऐन यांचे बी गोळा करतात. मजुरी किलोवर. मग डोंगर कोण चढणार? रस्त्याकडेचे भरपूर लागलेले एखाददुसरे झाड गाठायचे आणि पोते भरायचे. त्यांचा काय दोष? दर ठरवणाऱ्याला वजनच हवे असते. पण त्या पोत्यातून निघालेली हजारो रोपे एकाच आईची लेकरे असतात. ती शेजारी-शेजारी लावली की पुढे परागीभवन भावंडांतच होते. बी कमी धरते, धरले तरी रोप दुबळे निघते. म्हणून बी निदान २५-३० मातृवृक्षांवरून घ्यावे आणि ती झाडे एकमेकांपासून ५०-१०० मीटर लांबची असावीत, असा वनशास्त्राचा साधा दंडक आहे.

बागेत एकसारखेपणा मलाच हवा असतो. डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनचे कलम, प्रत्येक वेल दुसऱ्याची नक्कल. म्हणूनच ढगाळ हवा आली आणि एका पानावर डाउनी (केवडा रोग) दिसली की सगळा प्लॉट धोक्यात येतो आणि मी रात्री-बेरात्री ट्रॅक्टर काढतो. जंगलात फवारणी कोण करणार? तिथे काही झाडे रोगाला पुरून उरतात, कारण ती इतरांपेक्षा वेगळी असतात. इंग्लंडमधला ‘इंग्लिश एल्म’ मुळांच्या फुटव्यांवर पसरलेला, जवळपास सगळा एकाच झाडाची नक्कल निघाला. १९७० च्या दशकात बुरशीचा रोग पसरला आणि ब्रिटनमधली एल्मची अडीच कोटींहून जास्त झाडे गेली.

आपल्याकडे चोरतोडीचाही यात हात आहे. खैरचोर काताच्या लोभाने जाड, सरळ झाड आधी पाडतो. मागे उरते ते वाकडे, किडके, आणि पुढच्या पिढीचे बी त्याच्यावरूनच पडते. चोरीची मोजदाद घनमीटरमध्ये होते. हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

आणखी एक. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, येवला-नांदगावला पाचशेच्या आसपास. पळस दोन्हीकडे आहे, पण नांदगावचा पळस पिढ्यान्‌पिढ्या अवर्षण सोसत आलेला. परराज्यातून ट्रकने आणलेली पंधरा फुटी झाडे फोटोत छान दिसतात. त्यांच्या आईने आपल्या जिल्ह्यातला उन्हाळा पाहिलेला नसतो.

सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर लोकांनी देशी झाडांची देवराई उभी केली, त्याचे कौतुक आहेच. पण तशा लागवडीलाही बी लागते, आणि ते पेठ, सुरगाणा, हरसूलच्या उभ्या जंगलातूनच यायला हवे. ती जुनी झाडे राखणे हे पहिले काम. दुसरे, बी गोळा करणाऱ्याला किलोवर नव्हे तर झाडागणिक पैसे द्यावेत. तीस झाडांचे तीस वेगळे पुडके आणले तर दर जास्त. तिसरे, सरकारी पैशातून घेतलेल्या प्रत्येक खेपेवर गावाचे नाव आणि मातृवृक्षांची संख्या लिहिलेली असावी. द्राक्षाची पेटी परदेशी पाठवताना ती कोणत्या प्लॉटमधली हे मला सांगावेच लागते, मग रोपाला सवलत कशासाठी?

खैराच्या शेंगा हिवाळ्यात पिकतात. पुढच्या पावसाळ्यातल्या रोपांसाठी ही अट घालायची असेल तर ती त्याआधीच घालावी लागेल.

– एक द्राक्षबागायतदार, दिंडोरी (जि. नाशिक)