जमिनीवरचं सगळं कमरेइतकं वर

ती. आई-बाबा,

शि. सा. नमस्कार.

हा नमस्कार कागदावरचा आहे म्हणून वाकून चालतो. शनिवारी तुमची नात वाईला येईल तेव्हा मात्र तिला पाया पडायला वाकू देऊ नका. सवयीने ती वाकायला जाईल आणि सवयीनेच तुम्ही पाठीवर हात ठेवायला जाल. दोन्ही नको. ती उभ्याने हात जोडेल, तुम्ही डोक्यावर हात ठेवा. शाबासकीची थाप तर पुढचे काही महिने कुणाचीच नको. आई, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येणाऱ्यांना हे दारातच सांगून टाक.

शनिवारी तिच्या स्कोलिओसिसच्या, म्हणजे कडेला वाकलेला कणा सरळ करायच्या, ऑपरेशनला ४ आठवडे होतील. पाठीच्या चौथ्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंत असे १० मणके दोन सळ्या आणि स्क्रूंनी धरून ठेवलेत. सळ्या म्हणजे टेकू. खरं काम त्यांच्या कडेने घातलेल्या हाडाच्या चुऱ्याचं, तो जुळून दहा मणक्यांचं एक हाड व्हायचं आहे आणि त्याला ६ महिने ते वर्ष लागतं. तोवर तीन गोष्टी बंद: पाठीतून वाकणं, कमरेतून पिळणं आणि वजन उचलणं. वजनाची तिची मर्यादा सध्या २ किलो, म्हणजे पाण्याची २ लिटरची एक भरलेली बाटली. बाबा, तुम्ही फोनवर प्लास्टरचं विचारत होतात. ते जुन्या पद्धतीतलं. ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी १९६०च्या सुमारास सळीची पद्धत रूढ केली तेव्हा सळी वर-खाली टोकांनाच आकड्यांनी अडकवलेली असे, म्हणून पेशंटला महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये ठेवावं लागे. आता मधल्या मणक्यांनाही स्क्रू असतात, त्यामुळे बहुतेकांना प्लास्टर नाही आणि पट्टाही नाही. तिला चालायला बंदी नाहीच, उलट चालणं हेच औषध आहे.

अडचण आपल्या घराची आहे. आपलं सगळं सुख जमिनीवर मांडलेलं. पंगत, पाट, विळी, रांगोळी, सतरंजीवरचे पत्ते, अंघोळीची बादलीसुद्धा. ही मुलगी जमिनीपर्यंत जाऊ शकत नाही, तेव्हा जमिनीवरचं सगळं तिच्या कमरेइतकं वर आणायचं. एवढं केलंत की ‘तू बस, आम्ही करतो’ म्हणायची वेळ येणार नाही. त्या वाक्याने ती सर्वांत जास्त चिडते, आणि तिचं बरोबर आहे.

सुरुवात न्हाणीघरापासून करा. बादली खाली असली तर एका अंघोळीला वीस-पंचवीस वेळा वाकावं लागतं. तुळशीपाशी तो लोखंडी पायांचा स्टूल आहे त्यावर बादली ठेवा आणि शेजारी तिला बसायला दुसरा स्टूल, तोही गुडघ्याइतका उंच, खाली रबराची चटई. बादली तिच्या उजव्या हाताला पण किंचित पुढे हवी, बाजूला किंवा मागे असली की तांब्या घेताना ती पिळली जाणार. रिकामी बादली आधी वर ठेवून मग भरा, कारण भरलेली १५ किलोच्या पुढे जाते आणि ती तुम्हीही उचलायची नाही. तांब्या लहान, अर्ध्या लिटरचा. जखम आता बंद झाली आहे, पाणी वरून वाहू दे, चोळायचं नाही, मऊ पंच्याने टिपायचं. व्रणावर तेल, हळद, कसलंही मलम नको. पाय धुणं, टाचा घासणं हे तिला जमणार नाही, तेवढं आई तू कर. बाकी दार लोटून, एकटीने, कढत पाण्याचे तांब्यावर तांबे डोक्यावरून ओतून घेणं हे या घडीला तिचं सर्वांत मोठं सुख आहे. हॉस्पिटलात ओल्या फडक्याने पुसून घेतलेल्या माणसालाच ते कळतं. घाई करू नका, गॅस जळू दे.

संडास कमोडचाच वापरायचा. आपला कमोड जरा बुटका आहे, वर बसवायची ४ इंची सीट मी आणते. जेटची नळी पुढच्या बाजूला, हाताशी हवी.

खोलीतला पलंग तिला द्या. गादी कापसाची चालेल, पण मधे खळगा पडलेली नको. उठण्याची रीत तिला पाठ आहे, तुम्ही फक्त मधे पडू नका: गुडघे दुमडायचे, खांदा आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर यायचं, ओंडका वळतो तसं, मग पाय पलंगाखाली सोडता सोडता कोपराने आणि तळहाताने वर रेटायचं. मदत करायला जाऊन आपण हात धरून ओढतो, तिथेच चुकतं. त्या ओढण्याने खांदे आधी येतात, कंबर मागे राहते आणि पाठीला नको तो पीळ बसतो. मदत करायचीच असेल तर पाय खाली सोडताना पोटऱ्यांना आधार द्या. रात्री दोन-तीनच्या सुमारास पाठ आखडते, कुशी बदलली की बरं वाटतं. दोन गुडघ्यांमधे उशी लागते. तिच्या उशाशी पूजेतली घंटा ठेवा, बाबा, ती वाजवायला तिला मजाही येईल.

बसायला तुमची हातांची लाकडी खुर्ची. प्लॅस्टिकची खुर्ची मधे दबते आणि सोफ्यातून उठताना पुढे झुकावं लागतं. अर्धा-पाऊण तास बसली की उठून घरात एक फेरी. झोपाळा डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. तो थांबताना जो झटका बसतो तो वाईट. पुस्तक मांडीवर घेऊन वाचू देऊ नका. पाठ वाकत नाही म्हणून सगळं वाकणं मानेवर येतं आणि संध्याकाळी मान धरते. पोथी ठेवायचं तुमचं लाकडी स्टँड टेबलावर ठेवून त्यावर पुस्तक ठेवलं की नेमकं डोळ्यांसमोर येतं. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं त्यावरच लावा आणि दोघांनी मिळून सोडवा. आडवे शब्द तिचे, उभे तुमचे. कॅरम तूर्त नको, पलीकडच्या सोंगटीसाठी हमखास ओणवं व्हावं लागतं. पत्ते चालतील.

आई, आता तुझा विभाग. मटार आलेत ना? टेबलावर परात तिच्या बरोबर समोर ठेव आणि किलोभर शेंगा ओत. दोन्ही कोपरं टेबलावर टेकलेली असली की खांद्यांवर ताण येत नाही, आणि सोलता सोलता तोंडात टाकायला कुणाची ना नाही. तिळगुळाचं निम्मं काम तिचंच. ओट्यापाशी उभं राहून तीळ भाजायला दहा मिनिटं लागतात, तेवढं तिला सहज झेपतं. पाव किलो तिळाला पाव किलो चिक्कीचा गूळ घे आणि दाण्याचं कूट तुझ्या अंदाजाने. कढई उचलणं, पाक ओतणं आणि वाटीने वड्या थापणं तू कर, थापताना खांद्यातून जोर लागतो. लाडू तिने वळावेत. गरम मिश्रण हाताला पाणी लावून पटापट वळायचं आणि हाय-हुय करत टाकायचं, त्यात वाकणं कुठेच नाही. रांगोळीसाठी मोठा पाट टेबलावर ठेव. पाटावर काढलेली रांगोळी तू उचलून दारात नेलीस की झालं.

डोक्याला तेल जरूर लाव, ती वाटच बघते आहे. ती खुर्चीत, तू मागे उभी. व्रण मानेच्या खालीच सुरू होतो, म्हणून गळ्याभोवती टॉवेल घट्ट खोच, ओघळ खाली जाता कामा नये. वेणी सैल घाल आणि खांद्यावरून पुढे सोड, मागे राहिली तर व्रणावर घासते. व्रणाच्या दोन्ही बाजूंना तिला हात लागलेला कळत नाही, काही ठिकाणी बधिर आहे. घाबरू नकोस. चिरताना त्वचेच्या बारीक नसा तुटतात, हळूहळू बरंचसं परत येतं, थोडं तसंच राहतं.

सकाळचं कोवळं ऊन तिला ओसरीत हवंच, पण तोंड उन्हाकडे आणि पाठ झाकलेली. ताज्या व्रणाला ऊन लागलं की तो काळा पडतो, वर्षभर जपायचं.

चालणं दिवसातून तीनदा, सध्या वीस मिनिटं. नुसत्या फेऱ्या मारायला सांगितलं की तोंड वाकडं होतं, म्हणून काम सांगत जा: कोथिंबिरीची जुडी, बाबांचं वर्तमानपत्र, पाव किलो स्ट्रॉबेरी. परत येताना पिशवी २ किलोच्या आतच राहते. संध्याकाळी बाबांबरोबर ढोल्या गणपतीपर्यंत. घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, कठडा नाही आणि दगड गुळगुळीत आहेत. वरूनच कृष्णा बघा. चपला मागून पट्टा असलेल्या, पण वाकून बंद करायला लागणार नाही अशा आणते आहे.

खाण्याचं थोडक्यात. भूक अजून अर्धीच आहे, वजन ३ किलो उतरलंय. ताट भरून वाढू नकोस, दर अडीच-तीन तासांनी थोडं दे. अंडं, पनीर, डाळ, दाण्याचा लाडू असं काहीतरी दर वेळी असू दे. लोहाची गोळी लिंबाच्या सरबताबरोबर, चहा त्याच्या आधी-नंतर तासभर नाही. त्या गोळीने शौचाला काळं होतं, तेही ठीक. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, म्हणून पाणी भरपूर, पपई, आणि रात्री इसबगोल पेलाभर पाण्यात. गोळ्यांची चिठ्ठी सोबत देते. बाबा, तुमच्या डब्यातली गुडघ्याची गोळी तिला द्यायची नाही, तसल्या गोळ्या हाड जुळण्याच्या आड येऊ शकतात म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. सर्दीची गोळीही नको. तसल्या गोळीत बहुतेकदा पॅरासिटामॉल असतं आणि तेच तिला चालू आहे, नकळत दुप्पट पोटात जातं.

ताबडतोब फोन करायचा तो कशाला, हे फ्रिजवर लावून ठेवा: ताप १००.४च्या वर, व्रणातून पाणी किंवा पू, किंवा कडेला लाली पसरणं, पायातलं बळ नव्याने कमी होणं, लघवीवर ताबा न राहणं, धाप लागणं, छातीत दुखणं किंवा एकच पोटरी सुजणं, आणि पुन्हापुन्हा हिरवट उलटी. शेवटचं लोक पित्त म्हणून सोडून देतात. कणा सरळ झाला की पोटातली एक रक्तवाहिनी ताणली जाते आणि तिच्याखाली आतडं दाबलं जाऊ शकतं, वजन उतरलेल्या मुलांत जास्त. लिंबू-साखर देत बसू नका.

दुखतंय का, हे दिवसातून दोनदाच विचारा. सकाळी एकदा, रात्री एकदा. शून्य ते दहा यातला आकडा ती सांगेल, वहीत लिहा. दर तासाला विचारलं की दुखणंच दिवसभराचा विषय होऊन बसतं. दुपारी ती गळून जाते, चिडचिड करते, कधी उगाच रडते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात हे होतंच: भेटायला येणारे संपलेले असतात, मैत्रिणी शाळेत असतात. समजूत घालू नका, शेजारी बसून मटार सोला.

येणारी-जाणारी विचारतीलच. दप्तराच्या ओझ्याने झालं का, पोक काढून बसायची म्हणून झालं का? नाही. या वयातल्या बहुतेक स्कोलिओसिसचं कारण सापडत नाही, आणि बसण्या-उठण्याशी त्याचा संबंध नाही. पुढे लग्न, बाळंतपण? सगळं होतं. इंग्लंडच्या राजघराण्यातल्या युजिनीचं हेच ऑपरेशन २००२ मध्ये, बाराव्या वर्षी झालं, आणि २०१८ च्या लग्नात तिने व्रण दिसावा म्हणून मुद्दाम पाठ उघडी राहील असा झगा शिवून घेतला. आपल्या नातीला ते फोटो पाठ आहेत. तेव्हा ‘गळा बंद शिव’ असं शिंपीकाकांना सांगायला जाऊ नकोस, आई. मापं मात्र नव्याने घ्यायला लाव. उजवा खांदा खाली आलाय, कमरेचे दोन्ही बाक सारखे झालेत, जुने कुडते एका बाजूला ओढतात.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर बाबांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, शेवटची गणपतीतली. त्यानंतर ती वाढली असेल-नसेल, पण ऑपरेशनच्या टेबलावर एका दिवसात ३ सेंटिमीटर उंच झाली. गेल्या गेल्या चौकटीपाशी उभी राहणार आहे. पेन्सिल तासून ठेवा, आणि टाचा टेकल्यात ना बघा, ती लबाडी करते.

आम्ही सकाळी सातला पुण्याहून निघतो. तिची सीट थोडी मागे कलवून, कमरेशी उशी. तासाभराने एकदा उतरून पाय मोकळे करायचे, म्हणून खंबाटकीच्या अलीकडे थांबू. साडेदहापर्यंत पोचतो. तेवढी बादली स्टुलावर चढवून ठेवा, आल्या आल्या अंघोळ म्हणाली आहे.

तुमची,
लेक