काकूंना कार्ड टाक

चि. बाळास, अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस ना, मेसच्या काकूंना व्हॉट्सअपवर थँक्यू टाकलं, हात जोडलेला इमोजी पण टाकला. तेव्हा काही बोललो नाही, तुझी बस आली होती, पण रात्रभर डोक्यात तेच, म्हणून सकाळी चहा झाल्या झाल्या लिहायलाच बसलो.

अगं चार वर्षं जेवलीस त्यांच्याकडे. सेकंड इयरला तुला कावीळ झाली तेव्हा दरड कोसळून घाट बंद, आम्हाला पुण्याला पोचायला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस त्या माऊलीने बिनतेलाचं वेगळं शिजवलं, मऊ भात नि मुगाचं पाणी, आणि गुडघे दुखत असताना तीन मजले चढून स्वतः आणून दिलं. हे आपण घरात किती वेळा बोललो असू, पण त्यांना कोणी सांगितलं का? आपल्या माणसाचे आभार मानले की परकं केल्यासारखं वाटतं, मान्य आहे मला. पण तोंडाने बोलवत नाही ते कागदावर उतरतं गं.

मी २८ वर्षं टपाल वाटलं. मुंबईहून पोरांच्या मनीऑर्डरी यायच्या, त्या फॉर्मला खाली मजकुराची छोटी चिठ्ठी असायची, तीनचार ओळी मावतील एवढीच. पैसे मोजून झाले की म्हाताऱ्या म्हणायच्या, ‘काय लिवल्यान हा ता वाच रे’, आणि तेवढ्याच ओळी मी दोनदोनदा वाचून दाखवायचो.

रिटायर झालो त्या वर्षी मला एक पोस्टकार्ड आलं. जन्मभर दुसऱ्यांची वाटली, माझ्या नावाचं असं ते पहिलंच. माझ्या बीटातल्या, म्हणजे मी टपाल वाटायचो त्या भागातल्या, एका आजीच्या नातवाने पाठवलेलं. पेन्सिलीने रेघा मारून मग खोडलेल्या, त्यांचे व्रण तसेच, आणि जागा संपली म्हणून शेवटची ओळ कडेने उभी नेलेली. लिहिलं होतं की आजीचे पैसे भिजू नयेत म्हणून तुम्ही छत्री थैलीवर धरलीत आणि स्वतः चिंब होऊन व्हाळ ओलांडून आलात, आजी शेवटपर्यंत हे सांगायची. मला तो दिवस आठवतसुद्धा नव्हता बाळा. कार्ड पेन्शनच्या फाईलीत ठेवलंय, आईला विचार कितीदा काढून वाचतो ते.

म्हणून सांगतो, ‘मनःपूर्वक आभार’ वगैरे नेटवरून उतरवू नको. मुगाचं पाणी लिही, तीन मजले लिही. कार्ड अजून ५० पैशालाच मिळतं, उघडं असतं म्हणून संकोच वाटला तर अडीच रुपयाचं आंतरदेशीय पत्र घे, ते घडी घालून चिकटवता येतं. आणि पिनकोडची सहा घरं नीट भर हां, १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, आपल्याच श्रीराम भिकाजी वेलणकरांनी काढलेला, त्याआधी सारख्या नावाच्या गावांची पत्रं कुठल्या कुठे जायची.

सोबत चार कार्डं ठेवलीत. एक काकूंचं, एक इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री तुझा ड्रेस इस्त्री करत बसलेल्या रूममेटला, उरलेली दोन कोणाला ते तुझं तू ठरव.

काकूंना हल्ली कमी दिसतं म्हणालीस ना, अक्षर जरा मोठं काढ.

तुझे बाबा